बग्गी पेट्रोलची घ्यावी की बॅटरीची? आधी चढ मोजा, मग घरात बोला

एका वाचक सूनबाईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं. जावळी तालुक्यात मेढ्याच्या बाजूला एका कुटुंबाचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. सहा खोल्या, चुलीवरचं जेवण, कासच्या फुलांच्या सीझनला गर्दी आणि दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत शनिवार-रविवार फुल्ल. पार्किंग खाली, खोल्या वर टेकाडावर, मधे साधारण ६५० मीटरची मुरमाची वाट आणि मुलीनं मोबाईलवर बघितलं तर चढाची उंची ६० मीटरच्या आसपास भरली. शिवाय पार्किंगपासून गेटपर्यंत थोडं अंतर ग्रामपंचायतीच्या रस्त्यानं जावं लागतं. म्हातारी माणसं, गुडघेदुखीवाले, बॅगावाले दमतात म्हणून सहा सीटची गोल्फ कार्ट, म्हणजे बग्गी, घ्यायचं ठरलंय. पुण्यातल्या दिरांना ओळखीतून एक जुनी पेट्रोलची गाडी स्वस्तात मिळतेय. मालकांचं, म्हणजे नवऱ्याचंही मत पेट्रोलच, कारण 'आपल्याकडं लाईटीचा भरवसा नाही आणि बॅटरीवाली चढ काढायची नाही'. कॉलेजातली मुलगी म्हणते इलेक्ट्रिकच, 'पेट्रोलचे पैसे वाचतील आणि मेंटेनन्स शून्य'. सासऱ्यांच्या मते बॅटरीची गाडी म्हणजे खेळणं. पत्र लिहिणाऱ्या वाचक या घरातल्या सूनबाई, हिशोब त्यांच्याकडं आणि पाहुण्यांची ने-आण पण त्याच करणार. त्यांचा प्रश्न: सगळ्यांचंच थोडं थोडं पटतं, पैसे एकदाच घालायचेत, तर काय घेऊ?

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आलीत, भाऊजींचं, मालकांचं, पोरीचं, मामंजींचं, पण गाडी रोज कोण चालवणार, संध्याकाळी चार्जिंगला कोण लावणार नाहीतर पेट्रोल कोण आणणार, बंद पडली की मिस्त्रीला फोन कोण करणार, हे मात्र अगदी शेवटी येतं आणि तिथं नाव तुमचं आहे. मला वाटतं सुरुवात तिथूनच करावी. दोन्ही गाड्या पाहुण्याला वर नेतील यात काही शंका नाही, पण दोघींच्या मागची रोजची-महिन्याची कामं एकदम वेगळी आहेत आणि ती तुमच्या अंगावर पडणारेत, म्हणून तुम्हाला कुठली कामं जमतील हे कुणीतरी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. कुणी विचारलं नाही तर तुम्हीच जेवायला बसल्यावर सांगा. त्यासाठी हाताशी माहिती असावी म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, आणि असाच प्रश्न पडलेले लॉजवाले, शाळा-कॉलेजवाले, देवस्थानवाले इकडं बरेच आहेत, त्यांच्याही उपयोगी पडेल.

पहिलं लाईटीचं बघू. पावसाळ्यात मेढा-बामणोली पट्ट्यात झाड पडलं की लाईट जाते, कधी रात्रभर येत नाही, ते मालक म्हणतात ते बरोबरच आहे. पण बॅटरीच्या गाडीला लाईट चालताना लागत नाही, चार्ज होताना लागते, आणि ती किती लागते ते एकदा कागदावर मांडून बघा. गाडी आणि सहा माणसं मिळून साधारण ९५० किलो धरा. एवढं वजन ६० मीटर वर चढवायला नुसत्या हिशोबानं ०.१५ युनिटच्या आसपास वीज लागते, त्यात मोटरमधलं, बॅटरीमधलं नुकसान आणि मुरमात चाकं ओढायची ताकद धरली तरी एका खेपेला पाव युनिटच्या थोडं वर. गर्दीच्या दिवशी दहा खेपा झाल्या तरी तीन युनिटच्या आसपास. ४८ व्होल्ट आणि १५० अँपिअर-अवरच्या बॅटरी संचात सात युनिट मावतात. म्हणजे फुल्ल गर्दीचा दिवस निम्म्या बॅटरीत निघतो, आणि गाडीबरोबर येणारा साधा चार्जर एक किलोवॅटच्या आसपासचा असतो, त्याला तेवढं परत भरायला चार तास पुरतात. चोवीस तासात मिळून चार तास लाईट मिळत नाही असे दिवस तुमच्याकडं वर्षात किती येतात? जे येतात ते बहुतेक भर पावसातले, तेव्हा पाहुणेही नसतात. तेव्हा लाईट जाते ही अडचण खरी असली तरी या गाडीला ती वाटते तेवढी आडवी येत नाही.

आडवं येईल ते कमी व्होल्टेज आणि वायरिंग. चार्जरसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि चांगली अर्थिंग वायरमनकडून करून घ्या, एक्स्टेंशन बोर्डावर हे काम अजिबात नको, रात्रभर गरम होऊन प्लग वितळतात. आणि ताई, विहिरीवरच्या मोटरीचं जे कनेक्शन आहे ना त्यावर चार्जर लावायचा मोह टाळा. शेतीपंपाची वीज सवलतीची आहे, ती पर्यटनाच्या गाडीला वापरणं नियमात बसत नाही, शिवाय शेतीच्या फीडरला लाईट पाळीपाळीनं असते, नेमकी नको तेव्हा जाते. खोल्यांच्या मीटरवरच लावा. छपरावर सोलर घालायचा विचार असेल तर एक किलोवॅटला चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात, म्हणजे या गाडीपुरतं एक किलोवॅट पण खूप झालं.

दुसरं, चढ. बॅटरीवाली चढ काढत नाही हे लोक म्हणतात त्याला कारण आहे, जुन्या तीन किलोवॅटवाल्या, थकलेल्या बॅटरीच्या गाड्या खरंच अर्ध्यात धापा टाकतात आणि ते लोकांनी बघितलेलं असतं. पण विजेच्या मोटरीचा मूळ गुणच असा की चाक थांबलेलं असताना ती सगळ्यात जास्त जोर लावते, इंजिनाला तो जोर यायला आधी फिरावं लागतं. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर एसटीच्या इलेक्ट्रिक शिवाई खंबाटकी घाट चढतात, मामंजींना एकदा त्यातनं घेऊन जा, खेळणं हा शब्द ते परत काढणार नाहीत. माथेरानला तर मोटारगाड्यांना बंदी, तिथं सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनं २०२२ मध्ये प्रयोग म्हणून ई-रिक्षा सुरू झाल्या, त्या पण डोंगरावरच चालतात.

मुद्दा मोटर किती ताकदीची आहे हा आहे. तुमचा चढ सरासरी बघितला तर नऊ-दहा टक्के येतो, म्हणजे शंभर मीटर चाललं की नऊ-दहा मीटर वर. पण सरासरीवर जाऊ नका, कुठंतरी वळणावर एक टप्पा दुप्पट उभा असतोच आणि गाडी तिथंच अडकते. तो टप्पा मोजायचा असेल तर गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, एक टोक खाली एक दहा मीटरवर वर धरा, दोन्हीकडं जमिनीपासून पाण्याची पातळी किती उंच आहे ते टेपनं बघा, दोन्हींतला फरक दीड मीटर भरला तर तो चढ पंधरा टक्के. पंधरा टक्क्याच्या चढावर ९५० किलो घेऊन ताशी दहा किलोमीटरनं जायला, मुरूम धरून, पाच किलोवॅटच्या जवळपास ताकद लागते. म्हणून तुमच्यासाठी ५ किलोवॅटची एसी (अल्टरनेटिंग करंटवर चालणारी) मोटर, त्याच्या खाली उतरू नका. विक्रेता 'तीन पण चालते हो मॅडम' म्हणेल, सपाट लॉनवर चालते, तुमच्याकडं ती मोटर आणि कंट्रोलर (मोटरला वीज कमी-जास्त सोडणारं यंत्र) दोन्ही तापवेल. मुळात ही गाडी गोल्फच्या मैदानासाठी बनलेली आहे, १८ होलच्या एका खेळात सात-आठ किलोमीटर मऊ हिरवळीवर दोन माणसं आणि काठ्यांची पिशवी न्यायची एवढंच तिचं मूळ काम. आपण तिला सहा माणसं आणि सह्याद्री दिलाय, तेव्हा पेट्रोलची असो की बॅटरीची, कंपनीच्या कागदावरचे आकडे तुमच्या वाटेला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

आणि चढापेक्षा मला जास्त काळजी उताराची वाटते, त्याबद्दल तुमच्या घरात कुणीच काही बोललेलं दिसत नाही. जुन्या पेट्रोल कार्टमध्ये बेल्टवर चालणारी क्लच असते, अॅक्सिलरेटर सोडून वेग कमी झाला की बऱ्याच गाड्यांत ती सुटते आणि इंजिनाचा ब्रेक मिळत नाही, मोटारसायकल गिअरमध्ये उतरवतो तसं तिथं होत नाही. ब्रेक पुष्कळदा मागच्या दोन चाकांनाच, तेही ड्रम. सहा माणसं बसवून ओल्या मुरमावर दिवसातनं दहा वेळा तसं उतरायचं म्हणजे ब्रेक लायनिंग झिजणार आणि तुमचा जीव टांगणीला. एसी मोटरच्या इलेक्ट्रिक गाडीत पाय काढला की मोटर स्वतःच गाडी धरते, वेग वाढू देत नाही, त्यातनं थोडी वीज परत बॅटरीत जाते, आणि गाडी थांबली की पार्किंग ब्रेक आपोआप लागतो. तुमच्या वाटेला ही एकच गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पण लक्षात ठेवा, सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत हे नसतं, जुन्या पद्धतीच्या डीसी सिरीज मोटरवाल्या गाड्या उतारावर मोकळ्या धावतात. विचारूनच घ्या, आणि कोटेशनमध्ये लिहून घ्या.

याच्यातच एक बारीक गोष्ट आहे, ती विक्रेते सांगत नाहीत. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावर तयार होणारी वीज ती घेणार कुठं? काही लिथियम बॅटऱ्या अशा वेळी स्वतःला वाचवायला वीज घेणं थांबवतात आणि मग मोटरची पकड कमी होते. म्हणून चार्जिंगची शेड वर खोल्यांजवळ न करता खाली पार्किंगजवळ करा, सकाळी भरलेल्या बॅटरीनं पहिली खेप चढाची होऊ दे. खाली लाईट न्यायला खांबांचा खर्च आला तरी चालेल.

आता पैसे. तुमची पोरगी म्हणते पेट्रोलचे पैसे वाचतील, वाचतील खरं, पण तिला कागद-पेन घेऊन बसवा. दहा खेपा म्हणजे जाऊन-येऊन १३ किलोमीटर. महिन्यात आठ-दहा गर्दीचे दिवस आणि बाकी किरकोळ धरून महिना १५० किलोमीटर समजा. पेट्रोल कार्ट चढावर लिटरला दहा-बारा किलोमीटर देईल, पेट्रोल शंभरीच्या वर, म्हणजे महिन्याला दीड हजाराच्या आसपास. बॅटरीच्या गाडीला तेवढ्यालाच तीस-पस्तीस युनिट, तुमच्या मीटरच्या दरानं गुणा, तीन-चारशे रुपये. फरक महिन्याला हजार-अकराशे, वर्षाला बारा-तेरा हजार. दुसरीकडं लेड अॅसिड बॅटरीचा संच चांगला सांभाळला तर चार-पाच वर्षं, हेळसांड केली तर दोन वर्षांत बदलायला येतो आणि तो एकरकमी खर्च असतो. बदलीच्या संचाचं आजचं कोटेशन मागा, त्याला चारनं भागा, आणि तो आकडा वर्षाच्या बचतीशेजारी मांडा. तुमच्याइतक्या कमी चालणाऱ्या गाडीत बचतीचा बराच भाग बॅटरीच खाऊन टाकते. तेव्हा इलेक्ट्रिक घ्यायची तर ती पैसे वाचवायला घेतोय असं घरात सांगू नका, नाहीतर चौथ्या वर्षी बॅटरीचं बिल आलं की भाऊजी तेच तुमच्या तोंडावर फेकतील. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर चालवणाऱ्या मोठ्या रिसॉर्टचा हिशोब निराळा, तिथं वीज स्पष्ट स्वस्त पडते.

मेंटेनन्स शून्य हा दुसरा गैरसमज. लेड अॅसिडवाल्या गाडीची सीट उचलली की खाली सहा बॅटऱ्या दिसतात, आठ-आठ व्होल्टच्या, प्रत्येकीला चार झाकणं. महिन्यातनं एकदा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, ती चोवीस झाकणं एकेक करून उघडायची, टॉर्च मारून आत बघायचं, प्लेटा पाण्याखाली आहेत ना, कमी असेल तर डिस्टिल वॉटर घालायचं, नळाचं किंवा फिल्टरचं कधीच नाही, आणि ते चार्ज झाल्यावर घालायचं, आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना अॅसिड वर येऊन सांडतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते ती सोड्याच्या पाण्यानं ब्रशनं घासायची, पुसायची, वर व्हॅसलीन लावायचं. हातात ग्लोव्हज, डोळ्याला चष्मा, अंगावर जुनी साडी किंवा ड्रेस, कारण अॅसिडचा एक थेंब पडला की धुतल्यावर तिथं भोक. शेड हवेशीर पाहिजे, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तिथं उदबत्ती, बिडी, चूल काही नको. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जर जास्त भरतोय असं समजायचं आणि लगेच बंद करायचा. रोज वापरून संध्याकाळी लावलीच पाहिजे, अर्धवट उतरलेली बॅटरी आठ-आठ दिवस तशीच पडली तर प्लेटांवर थर धरतो आणि तिची ताकद कायमची जाते. जून-जुलैत गाडी उभी असली तरी तिला अधूनमधून चार्ज दाखवावाच लागतो. हे सगळं सहा खोल्या, स्वयंपाक, बुकिंगचे फोन सांभाळून तुम्हाला करायचंय. जमणारच नाही असं मी म्हणत नाही, जावेला किंवा कामावरच्या पोराला शिकवता येईल, पण हे शून्य नव्हे.

म्हणून तुमच्यासारख्या घरांना मी लिथियम सुचवतो, त्यातही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची. पाणी नाही, अॅसिड नाही, वजन कमी, ते चढावर पण उपयोगी पडतं, आणि बॅटरी खालपर्यंत उतरेतोवर जोर टिकून राहतो, लेड अॅसिडची गाडी संध्याकाळच्या खेपांना मंदावते तसं होत नाही. आयुष्यही बरंच जास्त. सुरुवातीची किंमत जास्त पडते, ती तुमचं दर महिन्याचं काम कमी करण्यासाठी मोजायची. वॉरंटी किती वर्षांची आणि बॅटरीची किती क्षमता उरल्यावर ती बदलून देणार हे लेखी घ्या, नुसतं 'पाच वर्षं वॉरंटी' याला काही अर्थ नाही.

पेट्रोलची बाजूही नीट बघायला पाहिजे, ती काही टाकाऊ गाडी नाही. कार्बोरेटर, प्लग, ऑइल, एअर फिल्टर, बेल्ट हे मेढ्यातल्या कुठल्याही टू-व्हीलर मिस्त्रीला कळतं, आणि इलेक्ट्रिकचा कंट्रोलर गेला तर तो खोलून बघणारं माणूस तुमच्या तालुक्यात मिळायचं नाही, पुण्याहून यायची वाट बघावी लागेल, त्या शनिवारी पाहुणे पायी चढतील. दिवसभर सलग चालवायची असेल, मागं ट्रॉली लावून शेणखत, लाकडं ओढायची असतील, चार्जिंगची सोयच करता येत नसेल, तर मी पण पेट्रोल म्हणेन. पण आपल्याकडं नव्या गोल्फ कार्ट बहुतेक इलेक्ट्रिकच विकल्या जातात, पेट्रोलच्या ज्या आहेत त्यात बाहेरून आलेल्या बऱ्याच, त्यांचा बेल्ट, क्लच, स्टार्टर-जनरेटर सहज मिळत नाही. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या आणि गास्केट त्याला टिकतीलच असं नाही, आणि पावसाळ्याचे दोन-तीन महिने गाडी उभी राहिली की टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटर चिकटतो. घरात पेट्रोल साठवायचं तर ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण चूल असलेल्या घरात कॅन कुठं ठेवणार याचा विचार आधी करा. आणि आवाज. तुमच्याकडं लोक कशाला येतात, शांततेला, पाखरांना, पहाटेच्या धुक्याला. सकाळी सहाला खोलीच्या खिडकीखाली इंजिन सुरू झालं आणि धूर आत गेला तर तो पाहुणा परत येईल का ते तुम्हीच ठरवा, हे कुठल्याही हिशोबात मांडता येत नाही पण तुमच्या धंद्याचा जीव त्यातच आहे.

भाऊजींच्या त्या जुन्या गाडीचं काय करायचं? नाही म्हणून त्यांचा मान दुखवू नका. त्यांना म्हणा, भाऊजी, गाडी टेम्पोत घालून एक दिवस इकडं आणा, पैसे नंतर ठरवू. मग सकाळी इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून बघा, आधीच तापवून ठेवलेली दाखवली तर ती तपासणी धरायची नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सहा माणसं बसवा, घरातलीच, उभ्या वळणावर मधेच थांबवा, ब्रेकवर धरा, परत उचला. मग उतरताना पाय काढून बघा कशी पळते. मागची बाजू वर उचलून चाकं, ड्रम, बेल्टच्या भेगा मेढ्याच्या मिस्त्रीला दाखवा, विक्रीचं बिल आणि गाडीचा सिरियल नंबर जुळतो का बघा. त्या वळणावर ती गाडी काय करते हे मालकांनी आणि मामंजींनी डोळ्यानं बघितलं की तुम्हाला वेगळं काही पटवावं लागणार नाही. आणि समजा सगळ्यात पास झाली, तर मग सर्व्हिसिंगची आणि पार्ट आणायची जबाबदारी भाऊजींनी घ्यायची, हे सगळ्यांसमोर ठरू द्या.

आता तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात ती गोष्ट, पार्किंगपासून गेटपर्यंतचा ग्रामपंचायतीचा रस्ता. हे छोटं प्रकरण नाही ताई. फक्त बंदिस्त आवारात वापरायच्या गाडीला मोटार वाहन कायद्यात सूट आहे, पण ती आवाराच्या आतच. सार्वजनिक रस्त्यावर पन्नास मीटर गेली तरी ती विनानोंदणीची गाडी होते. लोक म्हणतात बॅटरीच्या गाडीला पासिंग लागत नाही, ती सवलत २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना आहे, तुमची मोटर तिच्या वीसपट. रस्त्यावर एखादा दुचाकीवाला येऊन धडकला आणि आतल्या आजींचं हाड मोडलं तर विमा कंपनी हात वर करेल. तेव्हा पार्किंगच गेटच्या आत आणा, त्यासाठी बांध फोडून थोडी जागा सपाट करावी लागली तरी करा. ते होतच नसेल तर आरटीओत नोंदणी होणारी ई-रिक्षा किंवा तीनचाकी इलेक्ट्रिक गाडी बघा, पण तुमच्या चढावर तीन चाकांची गाडी वळताना कलंडायची भीती जास्त, त्यामुळं मला तो मार्ग फारसा आवडत नाही. आवारातल्या अपघातासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी वेगळी मिळते, ती घ्याच.

सीटांबद्दल पण सांगतो. सहा सीटच्या बऱ्याच गाड्यांत शेवटची दोन माणसं मागं तोंड करून बसतात. चढावर ती माणसं अक्षरशः बाहेरच्या बाजूला घसरतात, गोल्फ कार्टमधनं पडण्याचे अपघात त्या सीटवरून फार होतात. तुम्ही सगळ्या सीट पुढं तोंड असलेल्याच घ्या, पट्टे लावून घ्या, बाजूला साखळी किंवा दांडा बसवून घ्या. किल्ली तुमच्या कमरेला, पाहुण्यांच्या पोरांना 'एक चक्कर' कधीच नाही.

माझं मत विचाराल तर गाडीच्या आधी वाट करा. दोन चाकांच्या रेषेत सिमेंटच्या पट्ट्या, वळणावर खरखरीत फिनिश, डोंगराकडच्या बाजूनं पाण्याला चर. एवढं केलं तर कुठलीही गाडी कमी कष्टात चढेल आणि पहिल्या पावसात घसरणार नाही. या वर्षी दोन्हीला पैसे पुरत नसतील तर वाट करून घ्या आणि गाडी एक सीझन भाड्यानं मिळते का बघा, पुण्यात लग्नकार्याला भाड्यानं देणारे आहेत. एका सीझनमध्ये तुम्हाला खऱ्या खेपा किती होतात ते कळेल, अंदाजावर बॅटरी घ्यायची वेळ येणार नाही. आणि दोन्हीला पैसे असतील तर नवी इलेक्ट्रिक, ४८ व्होल्ट, ५ किलोवॅट एसी मोटर, लिथियम, आपोआप लागणारा पार्किंग ब्रेक, जरा जाड नक्षीचे टायर. धुताना प्रेशरची नळी सीटखाली मारायची नाही एवढं सगळ्यांना सांगून ठेवा.

पाचगणी-महाबळेश्वरच्या वाचकांसाठी थोडं वेगळं. तिथं १३०० मीटर उंचीवर हवा विरळ, साध्या कार्बोरेटरचं इंजिन बारा-तेरा टक्के ताकद घालवतं, मोटरला त्याचा फरक पडत नाही, म्हणून तिकडं चढ असेल तर पेट्रोलचा विचार अजूनच कमी करा, मात्र तिथल्या पावसात चारी बाजूंनी बंद शेड आणि जोडण्यांना पाण्यापासून झाकण हवंच. सांगली-मिरजेकडचे वाचक, तुमच्याकडं जमीन सपाट, तीन-चार किलोवॅटची मोटर आणि लेड अॅसिड बॅटरीसुद्धा कॉलेजच्या कँपसला व्यवस्थित चालेल, कारण तिथं पाणी घालायला माणूस असतो. पण एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी भाजते आणि आयुष्य झपाट्यानं कमी होतं, झाडाखाली किंवा स्लॅबखाली ठेवा. आणि नदीकाठी असाल तर २०१९ ला कृष्णेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आठवून शेडची जागा त्याच्या वर धरा, सीटखालची बॅटरी आणि कंट्रोलर एकदा पाण्यात गेले की दुरुस्तीला काही उरत नाही.

ताई, ऑर्डर देताना पूर्ण पैसे आधी देऊ नका. विक्रेत्याला म्हणा, डेमो गाडी आमच्या वाटेवर आणा, तुमच्या शोरूमच्या अंगणात नको, आणि शक्यतो पाऊस पडून गेल्यावर. सहा माणसं बसवून वळणावर थांबवायचं, उचलायचं, उतरायचं, जे भाऊजींच्या गाडीला लावाल तेच यालाही लावायचं, आणि गाडी तुम्ही चालवायची, त्यांच्या माणसानं नाही. सर्व्हिसला माणूस किती दिवसांत साताऱ्याला पोचतो हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि त्यांनी दिलेल्या एक-दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून, बंद पडल्यावर खरंच किती दिवस लागले, तेवढं विचारा. डेमो द्यायला का-कू केली तर दुसरा विक्रेता बघा.